मंगळवारची मोजणी

उंबरशेतच्या रखमाजी सरपंचांना वाद घालायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर ते चार महिने पुरवून वापरत. शहात्तर सालच्या श्रावणात त्यांना असंच एक भरभक्कम कारण मिळालं. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत लोकल गाडी सुरू करायची, असं वर कुठंतरी घाटत होतं. सरकारनं त्यात पैसा घालावा की घालू नये, आणि घातलाच तर गाडी कुठं कुठं थांबवावी, यावर मावळातल्या पारापारावर भांडणं पेटली होती.

उंबरशेत म्हणजे कामशेत आणि मळवलीच्या मधलं, रुळांना चिकटून वसलेलं गाव. दिवसरात्र गाड्या जात, घरातली भांडी थरथरत, पण थांबत एकही नसे. गाडी धरायची तर फाटक ओलांडून रुळांच्या कडेकडेनं तासभर कामशेतला चालायचं. ताट वाढलेलं दिसावं आणि हात पोचू नये, तशी गत. म्हणून गाव म्हणत होतं, लोकल येऊ द्या आणि आमच्या फाटकाशी थांबू द्या. गाव एका बाजूला, आणि गावचे सरपंच दुसऱ्या!

“सरकारचा पैसा काय आभाळातनं पडतो व्हय?” रखमाजी पारावर मांडी ठोकून विचारत. “पुन्याकडच्या कारखान्यांस्नी मजूर पायजेत, म्हणून ही गाडी. मग कारखानदारांनी घालावा की पैसा! हितं वढ्यावर साकव न्हाई. पावसाळाभर बारकी पोरं शाळंत जात न्हाईत. आन् म्हनं गाडी! कुनाची म्हैस आन् कुनाला उठबस!”

साकवाचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. ओढ्यावर माणसांपुरता एक छोटा पूल मागून मागून रखमाजींच्या चपला झिजल्या होत्या. त्यामुळे ते बोलू लागले की उलट बोलायची सोय नसे. बोलणारा एकच होता, डोंगरावरच्या ठाकरवाडीचा कोंडू. वाडीच्या बायका रानभाज्या आणि लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन कामशेतपर्यंत पायपीट करत, त्यामुळे कोंडूला गाडी हवी होती.

“भाऊ, सावडीला आपन कसं करतो?” कोंडूनं विचारलं. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, लावायच्या दिवसांत आज सगळ्यांनी मिळून याच्या शेतात राबायचं, उद्या त्याच्या, ही मावळातली जुनी सावड. “ज्याचा तरवा आधी तयार, त्याचं शेत आधी. तितं कुनी म्हनतं का, माजं आधी का न्हाई म्हून? रूळ हाईत, वर तारा हाईत. गाडीचा तरवा वाढून उभा हाय. त्यो लावून घेऊ. मग समदी मिळून साकवाच्या मागं लागू.”

“सावडीत मानूस उलटून आपल्या शेतात येतो, कोंडू. सरकार तुज्या शेतात कंदी येनार, सांग!”

पार हसला. कोंडूही हसला आणि त्यानं विडी शिलगावली. वाद रखमाजींनी जिंकला. ते नेहमीच जिंकत.

पण साकव हे सांगायचं कारण होतं. खरं कारण रखमाजींच्या पोटात होतं आणि ते त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. थोरला मुलगा अंबाजी पंधरा वर्षांपूर्वी याच रुळांवरून मुंबईला गेला. आधी महिन्याला येई, मग गौरी-गणपतीला, आता तर शिमग्यालासुद्धा त्याची वाट बघणं घरानं सोडलं होतं. धाकटा सोपान देहूरोडच्या लष्करी डेपोत लागला. सकाळच्या पाळीला पोचवील अशी गाडी नव्हती, म्हणून तो आठवडाभर तिथंच चौघांच्या खोलीत राही आणि रविवारी घरी येई. आता त्यानं तिथं स्वतंत्र खोली बघितली होती. दिवाळी झाली की बायको लीलाबाई आणि लहान मुलगी यांना घेऊन तो जाणार होता. बोलणं झालं होतं. रखमाजी ‘बरं’ म्हणाले होते, आणि त्या दिवसापासून त्यांना गाडीची शिटी ऐकली तरी राग येत होता. गाडीनंच आपली पोरं नेली, आणि आता आणखी गाड्या हव्यात म्हणे!

एक दिवस रेल्वेचे एक साहेब जीपमधून आले. चष्मा लावलेले, मऊ बोलणारे. म्हणाले, “फाटकावर दोन माणसं बसवतो. दिवसभरात गावातून किती लोक गाडीसाठी बाहेर जातात, ते मोजायचं. बाजाराचा किंवा जत्रेचा दिवस नको, नाहीतर आकडा उगाच फुगेल. कुठला वार बरा?”

“मंगळवार ठेवा,” रखमाजी पटकन म्हणाले. “मंगळवारी बाजार न्हाई, काय न्हाई. आन् आमीबी समदी घरीच असतो, तुमच्या मानसांची जेवायची आबाळ व्हनार न्हाई.”

यात त्यांचा काही डाव नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. लावणी उरकली की उंबरशेत गावदेवी वाघजाईचे पाच मंगळवार पाळतं. त्या दिवशी औताला बैल जुंपायचा नाही, जात्याला हात लावायचा नाही आणि गावची शीव कुणी ओलांडायची नाही. रखमाजींच्या डोक्यात एवढंच आलं, की त्या दिवशी सगळे मोकळे असतात, पाहुण्यांचं नीट होईल. रुळांपाशीच गावची शीव आहे, हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. पण श्वास घेतोय हे माणसाच्या कुठं ध्यानात असतं!

मंगळवार उजाडला. रेल्वेचे दोघं कारकून छत्र्या घेऊन फाटकावर बसले. सकाळ गेली, दुपार झाली. कुत्रंसुद्धा रुळांकडे फिरकलं नाही. रखमाजींनी त्यांना घावन आणि काळ्या वाटाण्याची आमटी पाठवली, आणि भांडी परत न्यायला गेले तेव्हा एक कारकून जांभई देत म्हणाला, “सरपंच, तुमच्या गावातून कुणी कुठं जातच नाही हो! शून्य!”

तेव्हा रखमाजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सांगावं, असं क्षणभर ओठांवर आलं. पण मग वाटलं, मी काही खोटं बोललेलो नाही. देवीनंच निकाल दिला म्हणायचा. ते रिकामी भांडी घेऊन शीळ घालत घरी आले.

घरी बयाबाई वाती वळत बसल्या होत्या. नवऱ्याची शीळ ऐकून त्यांनी मान वर केली. चाळीस वर्षांच्या संसारात ही शीळ त्यांनी फार वेळा ऐकली नव्हती. रखमाजींनी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

“गाडीनं पोरं नेली, आसं तुमी म्हनता,” त्या म्हणाल्या. “अवं, ती लांबची गाडी. ती नेती आन् तिकडंच सोडती. ही जवळची हाय. सकाळी नेईल आन् सांजच्याला दारात आनून सोडील. सोपान खोली का घेतोय? त्याला हौस हाय व्हय? गाडी न्हाई म्हून घेतोय. अंबाजीच्या वक्ताला आसली गाडी आसती तर त्यो पुन्यालाच कामाला लागला आसता, आन् आज माज्या हातचं जेवला आसता.”

 पारावर ज्यांचं तोंड कुणी धरू शकत नव्हतं, ते घरात भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बयाबाईंनी वाती वळून संपवल्या आणि निरंजनात घातल्या.

पुढच्या सोमवारी लोणावळ्यात शाळेच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायची सभा होती. रखमाजी धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर कडक टोपी घालून गेले. काय बोलायचं ते त्यांचं अजून ठरलं नव्हतं. गावचे चार-पाच लोक मागच्या बाकावर बसले होते, त्यांत कोंडूही होता. सरपंच आपल्याच गावाविरुद्ध बोलणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आधी लोणावळ्यात बंगला असलेले एक गृहस्थ उठले. दारात त्यांची मोटार उभी होती. “आपला देश गरीब आहे,” ते म्हणाले. “खेड्यात पूल नाहीत, पाणी नाही. अशा वेळी लोकलवर खर्च म्हणजे चैन आहे. ज्यांना कामाला जायचं आहे त्यांनी कामाच्या ठिकाणी राहावं. सरकारनं आधी मुंबईचा रस्ता रुंद करावा.”

टाळ्या पडल्या. रखमाजींचे कान तापले. हे तर त्यांचंच बोलणं होतं. तेच पूल, तीच गरिबी. पण आपल्या तोंडी जे भाकरीसारखं साधं वाटत होतं, ते या माणसाच्या तोंडी बेगडी वाटत होतं. याचा साकवाशी काय संबंध? याला आपला ओढा कुठं वाहतो ते तरी ठाऊक आहे का? साकवाचं नाव पुढं करून हा रस्ता मागतोय. आणि साकवाचं नाव पुढं करून आपण काय मागत होतो? रखमाजींना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना राग येत असे.

मग साहेबांनी मोजणीचे आकडे वाचायला घेतले. कामशेत इतके, मळवली इतके. “उंबरशेत फाटक, शून्य. त्यामुळे तिथं थांबा द्यायचा प्रश्न येत नाही.”

मागच्या बाकावर कुजबुज झाली. रखमाजी उभे राहिले.

“सायेब, त्यो शून्य माजा हाय,” ते म्हणाले. “गावाचा न्हाई.”

 रखमाजींनी सगळं सांगितलं. मंगळवार कसा दिला, शीव कशी बंद असते, आणि कारकुनाच्या तोंडून शून्य ऐकल्यावर आपण कसे गप्प बसलो, तेही सांगितलं. मग त्या बंगलेवाल्या गृहस्थांकडे वळले. “आन् रावसाहेब, कामाच्या जागी ऱ्हावं म्हनता, तर माजं एक पोरगं तसं ऱ्हायलं. पंधरा वरसं झाली. साकव मला पायजेच, त्यो मी मागनार. सरकारला सोडनार न्हाई. पर साकवाचं नाव सांगून दुसऱ्याच्या तोंडचा घास काडू नगा. म्याबी काडत हुतो, मला ठाव हाय.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी चष्मा काढून पुसला. “सरपंच, तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत. पण परवा मला पुण्याला अहवाल द्यायचा आहे. हातात फक्त उद्याचा दिवस आहे. उद्या मी स्वतः तुमच्या फाटकावर बसतो.”

“उद्या मंगळवार,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं सभागृह खो खो हसलं.

“मग मी काय करू?” साहेब अगतिकपणे म्हणाले. “मी वार कसा बदलणार?”

“या तुमी,” रखमाजी म्हणाले. “मानसं येतील.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! कामशेतला उतरून घरी चालताना रखमाजींना आपण काय बोलून बसलो ते कळू लागलं. शीव मोडा, असं सांगायचा अधिकार सरपंचाला नव्हता, तालुक्याला नव्हता, पार दिल्लीला नव्हता. वाघजाईची पूजा पिढ्यान्‌पिढ्या कोंडूच्या घराकडे होती. देवीचा शब्द कोंडूच्या तोंडून यायचा. आणि त्या कोंडूला आपण पारावर सगळ्यांदेखत हसं करून गप्प बसवलं होतं. तो आता चार पावलं पुढं चालत होता, आणि मुद्दाम काही बोलत नव्हता.

ओढ्यापाशी रखमाजींनी त्याला गाठलं. “कोंडू, काईतरी कर.”

“म्या काय करनार, भाऊ?” कोंडू निवांतपणे धोतर वर खोचत म्हणाला. “गरिबाच्या शेतात सरकार येत न्हाई, तुमीच म्हनला हुता.”

“चुकलं माजं.”

“आँ? पान्याच्या आवाजात ऐकू न्हाई आलं.”

“चुकलं म्हनतो माजं!” रखमाजी ओरडले, आणि स्वतःलाच हसू आलं. कोंडूही हसला. मग तो गुडघाभर पाण्यात थांबून गंभीर झाला.

“आये काय पोरांस्नी कोंडून ठेवनारी न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या शिदूची बायको अडली हुती, तवा बी मंगळवारच हुता. म्हाताऱ्यानं, माज्या बानं, तिच्या पदरात तिच्याच शेताची चिमूटभर माती बांधली आन् डोलीतनं नेली कामशेतला. माती संगट आसली की मानूस गावातच हाय, आसं तो म्हनायचा. पर दिवेलागनीच्या आत माती परत जागच्या जागी टाकायची. ती लांब ऱ्हायली तर शीव मोडली. जमंल?”

“जमंल.”

“आन् सायबाला दावाया उगा कुनी चालायचं न्हाई. आयेफुडं लबाडी नगं. ज्याला खरं काम, त्योच जाईल.”

मंगळवारी सकाळी साहेब फाटकावर येऊन बसले, तेव्हा शिवेच्या दगडापाशी कोंडू नारळ फोडून उभा होता. रखमाजी शेजारी उभे होते. मातीचा निरोप रात्रीच घरोघर पोचला होता, तरी बराच वेळ कुणी आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती एका रात्रीत जात नसते. मग ठाकरवाडीतली एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पुढं झाली. तिनं पदराची गाठ कोंडूला दाखवली, दगडाला हात लावला आणि रूळ ओलांडून पलीकडे गेली. आकाश कोसळलं नाही. मग तिच्या मागून चौघी, मग तळेगावला कामाला जाणारा गवंडी, मग मोठ्या शाळेची मुलं सदऱ्याच्या खिशात माती घेऊन, मग दवाखान्यात जाणारा एक म्हातारा. कुणाच्या उपरण्यात गाठ, कुणाच्या रुमालात. साहेब मान खाली घालून रेघा मारत होते, आणि त्यांना मान वर करायला सवड होत नव्हती.

ऊन वर आलं तशी गर्दी ओसरली. रखमाजी समाधानानं उभे होते. तेवढ्यात बयाबाई आल्या. त्यांच्या हातात फडक्याची एक छोटी पुरचुंडी होती.

“तुमाला काय काम न्हाई व्हय?” त्यांनी विचारलं.

“मला कसलं काम? उगा चालायचं न्हाई, आसं ठरलंय.”

“हाय काम. देहूरोडला जा. सोपानला म्हनावं, खोलीला आगाऊ पैसं देऊ नगो. गाडी हुईल न हुईल, दिवाळीपातूर वाट बघ म्हनावं. म्या सांगून पटनार न्हाई, तुमी सांगा.” आणि त्यांनी पुरचुंडी नवऱ्याच्या हातावर ठेवली. “घरामागच्या खाचरातली हाय.”

रखमाजी पुरचुंडीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, दगडाला हात लावला आणि रूळ ओलांडले. आजवर वाघजाईच्या एकाही मंगळवारी त्यांनी हे केलं नव्हतं. तरी मन हलकं होतं.

डेपोच्या दारात बापाला बघून सोपानचा चेहरा पांढराफटक पडला. “आबा! आज मंगळवार! आई बरी हाय ना?”

“बरी हाय. तिनंच धाडलंय.” रखमाजींनी पुरचुंडी काढून दाखवली आणि सगळं सांगितलं. खोलीचं सांगितलं. मग थांबून म्हणाले, “लोकल व्हावी, आसं म्या काल सभेत बोललो. मिळंल का न्हाई, ठाव न्हाई. पर तू जाऊ नगंस, आसं मला वाटतं. हे म्या तुला आदी सांगाया पायजे हुतं. अंबाजीलाबी सांगाया पायजे हुतं.”

 बापानं असं कधी सांगितलेलंच नव्हतं. सोपान आत गेला, आणि थोड्या वेळानं पिशवी खांद्याला लावून बाहेर आला. “उद्याची रजा टाकली,” तो म्हणाला. “चला. माती टाकायला उशीर हुईल.”

कामशेतला उतरून दोघं रुळांच्या कडेनं भराभर चालत आले. उतरतीचं ऊन भातखाचरांवर पडलं होतं. फाटकावर साहेब अजून बसलेले होते, आता परतणाऱ्यांच्या रेघा मारत. बायका रिकाम्या पाट्या घेऊन परतल्या होत्या, मुलं परतली होती, गवंडी परतला होता. शिवेच्या दगडापाशी बयाबाई आणि लीलाबाई उभ्या होत्या. लीलाबाईच्या कडेवर मुलगी होती. सोपानला बघून ती रुळांपलीकडूनच ओरडू लागली.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “सरपंच, सकाळी एकटे गेला होतात ना? इथं जाणाऱ्यांपेक्षा येणारे एकानं जास्त भरतायत. हिशोब चुकतोय माझा.”

“चुकत न्हाई, सायेब,” रखमाजी म्हणाले. “तसंच लिवा.”

आणि दिवे लागायच्या आत खाचरात माती टाकायला ते घाईनं घराकडे वळले.